हिरवा ढग आणि नळाची रांग

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



विषय सांगितला तेव्हा मागे बसलेल्या दोघीतिघी हसल्या. शहराच्या आकडेवारीतून कला! रेशनच्या खेपांतून सवड मिळाली तर कला बघू, असं मलाही आधी वाटलं होतं. पण मागच्या वर्षी आमच्या वस्तीत काही तरुण मंडळी आली. वस्तीच्या तोंडाशी दिव्यांची भिंत उभारायची, यंत्र हवा मोजणार, हवा बिघडेल तसे रंग बदलणार, जवळून माणूस गेलं की दिवे हलणार. सगळं फुकट. तेव्हा असली कामं कुठे कुठे झाली आहेत, हे मी वाचून काढलं.

मला सगळ्यांत आवडलं ते हेलसिंकीचं. फिनलंडच्या ह्या शहरात घरांना लागूनच साल्मिसारीचं कोळशावर चालणारं वीजकेंद्र होतं. २००८च्या फेब्रुवारीत हेलन इव्हान्स आणि हाइको हान्सेन ह्या कलावंत जोडीने त्याच्या धुराड्यातून निघणाऱ्या ढगावर रात्री हिरवा लेझर सोडला. परिसरात त्या घडीला किती वीज वापरली जातेय हा आकडा वीज कंपनीकडून येत होता. वापर कमी झाला की हिरवा ढग मोठा होई. २९ फेब्रुवारीला संध्याकाळी ७ ते ८ लोकांना उपकरणं बंद ठेवायला सांगितलं होतं. घरातलं बटण आणि आकाशातला ढग ह्यांचा संबंध असा डोळ्यांना दिसला. महिन्याच्या बिलावरून तो कधी कळतो का? माझी एक कुरकुर आहे, धूर इतका देखणा केला की त्याचा राग येईनासा होतो.

सॅन होजेमध्ये २०१० साली आंद्रेआ पोली ह्या बाईंनी एका इमारतीवर प्रकाशाचा निळा धबधबा पाडला. हवेतले बारीक कण वाढले की निळ्यात भडक ठिपके उसळत. आणि आपल्या खारघरला २०२१च्या जानेवारीत तर संगणकही लागला नाही. रस्त्याकडेला पांढऱ्या कापडाची मोठी फुप्फुसं उभी केली, मागे पंखे लावले. दहा दिवसांत ती काळी पडली.

हे सगळं मी वस्तीच्या बैठकीत सांगितलं. बायकांनी शांतपणे ऐकलं. मग एक मावशी म्हणाल्या, “हवा घाण आहे हे मला खोकल्यावरून कळतं. नळाला पाणी कधी येणार, हे सांगेल का तुमची भिंत?” त्या मंडळींना विचारलं. ते आकडे मिळत नाहीत, असं उत्तर आलं. चुलीच्या धुराचं काय? यंत्र मोठ्या रस्त्यावर बसणार होतं, घरात नाही. संडासाच्या रांगेचंही कोणी काही मोजत नव्हतं. जे मोजलंच जात नाही ते दिव्यांत कुठून येणार?

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. वस्तीत किती माणसं कुठे फिरतात, हे मोबाइलवरून दाखवायचा त्यांचा विचार होता. रोममध्ये २००६ साली, विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या रात्री शहर कसं गोळा झालं, हे मोबाइलच्या आकडेवारीवरून नकाशात दाखवलं गेलं. त्यात कुणाचं नाव नव्हतं, गर्दी होती. पण आमच्या गल्लीत वीस घरं. नवऱ्याचा मार सोसून पळून आलेली एक पोरगी तिथे राहते, तिचा ठावठिकाणा घरच्यांना माहीत नाही. रात्री साडेदहाला कामावरून येणारा दिवा तिचाच, हे ओळखायला नाव कशाला लागतं? बैठकीत ती काही बोलली नाही. नंतर माझ्याकडे येऊन म्हणाली, “ताई, ते मोबाइलचं नको.”

आम्ही दोन अटी कळवल्या. मोबाइलवरून काहीही मोजायचं नाही, आणि पाणी व संडास ह्यांची नोंद बायका करतील, ती भिंतीवर आली पाहिजे. मंडळी अजून परत आलेली नाहीत.

दरम्यान नळाजवळच्या भिंतीवर आमच्या बायका खडूने रेघा मारू लागल्यात. पाणी आलं की पांढरी, आलं नाही की लाल. पहिल्या पावसात सगळं धुऊन गेलं, आता ऑइलपेंट आणलाय. नगरसेवक परवा त्या भिंतीसमोर थांबून लाल रेघा मोजत होते. तुमच्याकडे कुणी असं काही केलं असेल, तर जेवणाच्या सुट्टीत मला जरूर सांगा.