दंडावरची काळी फीत

दिवाणखान्यांत चार वडील मंडळी बसली आहेत, वर्तमानपत्रांतील एखाद्या राजकीय वार्तेवर वाद रंगांत आला आहे, आणि इतक्यांत कोपऱ्यांत पुस्तक घेऊन बसलेली तेरा वर्षांची मुलगी मान वर करून म्हणते, ‘मला हें पटत नाहीं.’ अशा वेळीं बहुतेक सुशिक्षित घरांतून जें उत्तर येतें तें ठरलेलें असतें: ‘आधीं आपला अभ्यास कर.’ या उत्तरांत रागापेक्षां काळजीच अधिक असते, हें खरें. परंतु विद्यार्थ्यानें आपल्या देशाच्या राजकारणाविषयीं मत बाळगावें कीं नाहीं, आणि बाळगलेंच तर तें शाळेच्या दाराबाहेर ठेवून आंत जावें कीं काय, हा प्रश्न एवढ्या एका वाक्यानें मिटत नाहीं. अमेरिकेंत हाच प्रश्न एका तेरा वर्षांच्या मुलीमुळें देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि तेथें त्याला जें उत्तर मिळालें तें अर्धशतक उलटून गेलें तरी तेथील सरकारी शाळांना बांधून ठेवीत आहे.

काळ १९६५ सालच्या डिसेंबर महिन्याचा. त्या वर्षाच्या आरंभीं व्हिएतनाममध्यें अमेरिकेचें सैन्य २३,००० च्या आसपास होतें. वर्षअखेर तें १,८४,००० च्या घरांत गेलें. घरोघर दूरचित्रवाणीच्या पडद्यावर जळणारीं खेडीं आणि जखमी सैनिक दिसूं लागले होते. आयोवा हें अमेरिकेच्या मध्यभागचें, मक्याच्या शेतीचें राज्य. डे मॉइन ही त्याची राजधानी. या शहरांतील कांहीं वडील माणसें आणि विद्यार्थी एका घरीं जमले व त्यांनीं असें ठरविलें कीं, नाताळच्या दिवसांत दंडावर काळी फीत बांधावयाची, आणि १६ डिसेंबर व वर्षाचा अखेरचा दिवस असे दोन दिवस उपवास करावयाचा. दोन्ही बाजूंच्या मृतांविषयीं शोक दाखविणें आणि युद्धविराम व्हावा अशी इच्छा प्रकट करणें, एवढाच त्यांतील हेतु होता. घोषणा नाहींत, मिरवणूक नाहीं, पत्रकें नाहींत. दोन इंचांहून अधिक रुंद नसलेली काळ्या कापडाची एक पट्टी, इतकेंच त्या निषेधाचें साधन.

ही वार्ता मुख्याध्यापकांच्या कानीं गेली. १४ डिसेंबर रोजीं त्यांनीं एकत्र बसून नियम केला: फीत बांधून येणाऱ्या विद्यार्थ्यास ती काढण्यास सांगावें, तो नकार देईल तर फीत काढून परत येईपर्यंत त्याला शाळेबाहेर ठेवावें. १६ तारखेस आठव्या इयत्तेंतील मेरी बेथ टिंकर आणि सोळा वर्षांचा ख्रिस्तोफर एकार्ट हीं दोघें फीत बांधून आपापल्या शाळेंत गेलीं. दुसऱ्या दिवशीं मेरी बेथचा पंधरा वर्षांचा भाऊ जॉन गेला. मेरी बेथनें कचेरींत सांगितल्याबरोबर फीत काढून दिली, तरीहि तिला घरीं पाठविण्यांत आलें. १८,००० विद्यार्थ्यांच्या त्या शाळासमूहांत एकंदर पांच जणांना ही शिक्षा झाली. निषेधाची ठरविलेली मुदत संपल्यावर, नव्या वर्षाच्या आरंभीं, तीं मुलें फीत न बांधतां पुन्हां वर्गांत जाऊन बसलीं. मेरी बेथनें मात्र उरलेलें शालेय वर्ष काळे कपडे घालून काढलें. काळ्या कपड्यांविरुद्ध नियम कोणीं केलेला नव्हता!

हा प्रकार आज ऐकतांना किरकोळ वाटेल. त्या वेळीं तो तसा कोणासहि वाटला नाहीं. टिंकर कुटुंबाच्या घरावर लाल रंग फेकण्यांत आला; नाताळच्या आदल्या दिवशीं घर उडवून देण्याची धमकी आली. जें मत मुलांनीं एका शब्दाचाहि उच्चार न करतां मांडलें, त्याला मोठ्या माणसांनीं हें असें उत्तर दिलें.

मुलांवर घेतला गेलेला पहिला आक्षेप असा कीं, हीं मतें मुलांचीं नव्हतच; तीं आईबापांचीं. मेरी बेथचे वडील मेथॉडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते आणि घरांतलें वातावरण शांततेच्या चळवळीचें होतें. घरांतील आठ वर्षांच्या पॉलनेंहि फीत बांधली होती. आठ वर्षांच्या मुलाला इंडोचीनच्या राजकारणांतलें काय कळणार? या आक्षेपांत तथ्य नाहीं असें म्हणतां येत नाहीं. मूल प्रथम घराची भाषा बोलतें, आणि घराच्या भाषेबरोबर घराचीं मतेंहि उचलतें. परंतु हाच न्याय पुढें नेला तर चाळीस वर्षांच्या गृहस्थाचीं तरी किती मतें सर्वस्वीं त्याचीं म्हणतां येतील? कांहीं वडिलांचीं, कांहीं वर्तमानपत्राचीं, कांहीं जातीचीं, कांहीं कचेरींतल्या वरिष्ठांचीं. उसनें घेतलेलें मत आपलें होतें तें त्याची किंमत स्वतः मोजावी लागते तेव्हां. वर्गांतून बाहेर काढली गेलेली मुलगी त्या दिवशीं ती किंमत मोजीत होती.

मुलांच्या पालकांनीं न्यायालयाकडे धांव घेतली. १९६६ सालीं जिल्हा न्यायालयानें शाळेच्या बाजूनें निकाल दिला. १९६७ सालीं अपील न्यायालयांत न्यायाधीशांचीं मतें समसमान पडलीं, आणि त्यामुळें खालचाच निकाल कायम झाला. १२ नोव्हेंबर १९६८ रोजीं सर्वोच्च न्यायालयापुढें वादविवाद झाला आणि २४ फेब्रुवारी १९६९ रोजीं सात विरुद्ध दोन अशा मतांनीं मुलांचा पक्ष मान्य झाला. तेरा वर्षांची मुलगी तोंपर्यंत सोळा वर्षांची झाली होती.

बहुमताचा निकाल न्यायमूर्ति एब फोर्टास यांनीं लिहिला. त्याचें सार असें: शाळेच्या फाटकांतून आंत पाऊल टाकतांना विद्यार्थी वा शिक्षक आपलें भाषणस्वातंत्र्य बाहेर टाकून येत नाहींत. कांहीं तरी गडबड होईल अशी नुसती अस्पष्ट भीति हें तोंड बंद करण्याचें कारण होऊं शकत नाहीं. शाळेच्या कामांत खरोखर व भरीव व्यत्यय येत असेल, किंवा दुसऱ्यांच्या हक्कांवर आक्रमण होत असेल, तरच अधिकाऱ्यांनीं हात घालावा. न्यायालयानें आणखी एक गोष्ट टिपली. त्याच शाळांतून निवडणुकीच्या उमेदवारांचे बिल्ले लावलेले विद्यार्थी खुशाल वावरत होते. कांहींनीं तर नाझींशीं संबंध जोडला जाणारा लोखंडी क्रूसहि मिरविला होता. त्यांना कोणीं हटकलें नव्हतें. सर्व खुणांना बंदी असती तर ती शिस्त म्हणतां आली असती. एकाच मताच्या खुणेला बंदी ही शिस्त नव्हे, ती त्या मतालाच केलेली शिक्षा होय.

‘भरीव व्यत्यय’ ही कसोटी न्यायालयानें मिसिसिपी राज्यांतील एका पूर्वीच्या खटल्यांतून घेतली होती. तेथें निग्रो विद्यार्थ्यांनीं मतदानाच्या समान हक्काचे बिल्ले लावले म्हणून त्यांना शाळेंतून काढण्यांत आलें होतें. १९६६ सालीं एकाच दिवशीं अपील न्यायालयानें अशा दोन खटल्यांचे निकाल दिले. एका शाळेंत मुलें बिल्ले लावून शांतपणें वर्गांत बसलीं होतीं. तेथें विद्यार्थी जिंकले. दुसऱ्या शाळेंत मुलांनीं व्हरांड्यांत गोंगाट केला आणि नको म्हणणाऱ्यांच्या छातीवरहि बिल्ले टोंचले. तेथें शाळा जिंकली. बिल्ले दोन्ही ठिकाणीं समान हक्काचेच होते, निकाल मात्र उलटे. मत कोणतें यावर नव्हे, तर तें मांडण्यांत दुसऱ्याचें स्वातंत्र्य राखलें कीं नाहीं यावर हा भेद ठरला. ज्यांना आपल्या मुलांनीं बोलावें असें वाटतें आणि ज्यांना तीं बोलतील याचें भय वाटतें, त्या दोघांनींहि हे दोन निकाल शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्यासारखे आहेत.

विरुद्ध मत देणाऱ्यांत न्यायमूर्ति ह्यूगो ब्लॅक होते, आणि त्यांचा विरोध हलका लेखून चालणार नाहीं. भाषणस्वातंत्र्याचा एवढा कट्टर कैवारी त्या न्यायासनावर दुसरा क्वचितच बसला असेल. तरी त्यांचें म्हणणें असें कीं, मुलांना शाळेंत पाठवावयाचें तें शिकण्यासाठीं, मोठ्यांना शिकविण्यासाठीं नव्हे. मेरी बेथशीं झालेल्या वादामुळें गणिताच्या एका शिक्षकाचा तास जवळजवळ फुकट गेला, याकडे त्यांनीं बोट दाखविलें. आज फीत बांधूं दिली तर उद्यां विद्यार्थी शिक्षकांची आज्ञाच मानणार नाहींत, असें भविष्यहि त्यांनीं वर्तविलें. शिकण्याला शिस्त लागते, हें त्यांचें म्हणणें कोणताहि शिक्षक मान्य करील. प्रश्न एवढाच उरतो कीं, गणिताचा एक तास आणि मत मांडण्याचा धडा यांत कोणता तोटा मोठा? बहुमतानें उत्तर दिलें कीं, ज्या मुलांना पुढें मतदार व्हावयाचें आहे त्यांना दुसरा धडाहि शाळेंतच मिळाला पाहिजे.

हा निकाल एकाएकीं आकाशांतून पडला नव्हता. १९३५ सालीं पेनसिल्व्हेनियांतील एका खाणींच्या गांवीं बारा वर्षांची बहीण आणि दहा वर्षांचा भाऊ यांनीं शाळेंत निशाणाला वंदन करण्यास नकार दिला. ‘यहोवाचे साक्षी’ या पंथाचीं तीं मुलें; प्रतिमेपुढें नमूं नये ही त्यांची श्रद्धा. त्यांना शाळेंतून काढण्यांत आलें, आणि १९४० सालीं सर्वोच्च न्यायालयानें आठ विरुद्ध एक मतानें तें योग्य ठरविलें. त्यानंतर ठिकठिकाणीं या पंथाच्या लोकांवर हल्ले झाले. मेन राज्यांत त्यांचें सभागृह जाळण्यांत आलें. अवघ्या तीन वर्षांनीं, १४ जून १९४३ रोजीं, त्याच न्यायालयानें सहा विरुद्ध तीन मतांनीं आपला निकाल फिरविला. न्यायमूर्ति रॉबर्ट जॅक्सन यांनीं बजावलें कीं, देशभक्ति कोणती आणि श्रद्धा कोणती हें ठरवून तें नागरिकांच्या तोंडून वदवून घेण्याचा अधिकार कोणत्याहि लहानमोठ्या अधिकाऱ्याला नाहीं. महायुद्ध ऐन भरांत असतांना आणि नेमक्या निशाणदिनीं हा निकाल दिला गेला, यांतच त्याचें मोल आहे.

या निकालाचा उजेड भारतापर्यंत येऊन पोंचला. केरळांतील त्याच पंथाचीं तीन मुलें राष्ट्रगीताच्या वेळीं आदरानें उभीं राहत, परंतु गात नसत. म्हणून १९८५ सालीं त्यांना शाळेंतून काढण्यांत आलें. ११ ऑगस्ट १९८६ रोजीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानें त्यांना परत घेण्याची आज्ञा दिली, आणि त्या निकालांत १९४३ च्या अमेरिकन निकालाचा विचार घेतला.

फितीच्या निकालानें विद्यार्थ्यांना सर्वच मोकळें रान मिळालें असें मात्र नाहीं. १९८८ सालीं मिसूरी राज्यांतील खटल्यांत, शाळा स्वतः जें नियतकालिक काढते त्यांतील मजकूर मुख्याध्यापकाला योग्य शैक्षणिक कारणासाठीं वगळतां येतो, असें ठरलें. २००७ सालीं मादक द्रव्यांची भलावण करणारा फलक काढून घेणें योग्य ठरलें. उलट २०२१ सालीं, शाळेबाहेर, सुटीच्या दिवशीं रागाच्या भरांत लिहिलेल्या मजकुराबद्दल एका मुलीला झालेली शिक्षा न्यायालयानें आठ विरुद्ध एक मतानें चुकीची ठरविली. रेषा कधीं इकडे, कधीं तिकडे सरकली. परंतु १९६९ ची कसोटी मोडून टाकण्यांत आलेली नाहीं.

विद्यार्थ्यांच्या मतानें प्रत्यक्ष कांहीं घडतें काय? युद्ध तर त्यानंतरहि अनेक वर्षें चाललें आणि त्यांत ५८,००० हून अधिक अमेरिकन सैनिक मृत्यु पावले; व्हिएतनामी मृतांची संख्या त्याच्या अनेक पट होती. परंतु ज्यांना अठराव्या वर्षीं रणांगणावर पाठवितां त्यांना एकविसाव्या वर्षापर्यंत मत नाहीं, ही विसंगति तरुणांनीं इतकी उघडी पाडली कीं, मतदानाचें वय अठरा करणारी घटनादुरुस्ती १९७१ सालीं १०० दिवसांत राज्यांनीं मंजूर केली. पुढें १४ फेब्रुवारी २०१८ रोजीं फ्लोरिडांतील पार्कलंड येथील एका शाळेंत बंदुकधाऱ्यानें १७ जणांचे प्राण घेतले. तेथील वांचलेले विद्यार्थी मित्रांचे अंत्यविधि आटोपून राज्याच्या राजधानींत जाऊन उभे राहिले. ९ मार्च रोजीं, म्हणजे चार आठवड्यांच्या आंत, बंदूक विकत घेण्याचें किमान वय एकवीस करणाऱ्या कायद्यावर राज्यपालांची सही झाली. ज्या राज्यांत वर्षानुवर्षें असा कायदा होऊं शकला नव्हता, तेथें शाळकरी मुलांच्या बोलण्यानें तो झाला. ‘आधीं अभ्यास कर’ असें त्या मुलांना कोण सांगूं शकला असता? अभ्यासाच्या खोलींतच त्यांचे सोबती पडले होते.

मुलांचीं मतें पुष्कळदां कच्चीं असतात, एकांगी असतात. सहा महिन्यांनीं बदलतातहि. पण मत पक्कें होतें तें मांडून, विरोध ऐकून, चूक कळून; दाबून ठेवून नव्हे. मुलांचें प्रत्येक मत मान्य करावें असें डे मॉइनच्या त्या मुलीनें कोणाला सांगितलें नाहीं. ऐकून घेण्याइतकी तें मांडणाऱ्याची पात्रता आहे, एवढेंच तिचें मागणें होतें. दिवाणखान्यांतील ती मुलगी जेव्हां मान वर करून ‘मला हें पटत नाहीं’ म्हणते, तेव्हां ‘अभ्यास कर’ म्हणण्यापूर्वीं तिला एकच प्रश्न विचारून पाहावा: ‘कां पटत नाहीं?’ तिला उत्तर देतां आलें तर तिचा अभ्यास झालेलाच आहे. आलें नाहीं, तर त्या प्रश्नापासून तो सुरू होईल.