येरवड्याचे शेजारी

नाचून अजून धापा टाकणाऱ्या मुलांनो,

‘मनाच्या औषधांच्या डॉक्टर’ अशी माझी ओळख करून दिली, तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी ‘येरवडा!’ म्हणालं. ऐकलं मी. विश्रांतवाडीत हे चालायचंच. येरवड्याचं मनोरुग्णालय हाकेच्या अंतरावर, त्यामुळे ‘येरवड्याला पाठवू का?’ हा विनोद आपल्याला आयताच मिळतो. त्या भिंतींआडून माणसं बरी होऊन घरीही जातात, ते विनोदात येत नाही.

मनाच्या या औषधांच्या इतिहासात मुंबईचे एक हृदयरोगतज्ज्ञ आहेत, डॉ. रुस्तम जाल वकील. सर्पगंधेची मुळी रक्तदाब उतरवते आणि बिघडलेलं मनही शांत करते, असं कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच लिहिलं होतं. वकिलांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर ती नीट तपासली आणि १९४९ मध्ये निष्कर्ष ब्रिटिश नियतकालिकात छापले. तिकडे जगाचं लक्ष गेलं. सिबा कंपनीने मुळीतून रेसरपिन वेगळं काढलं, न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना देऊन पाहिलं. १९५७ मध्ये वकील आणि क्लाइन या दोघांनाही लास्कर पुरस्कार मिळाला.

मला मात्र पुढचा भाग जास्त आवडतो. रेसरपिन घेणारे काही रुग्ण उदास होऊ लागले. डॉक्टरांनी तेही लिहून ठेवलं. नंतर ते औषध मागे पडलं.

माझं काम याच जातीचं. औषध शोधतात रसायनशास्त्रज्ञ. ते माणसाच्या खरंच उपयोगी पडतं का, हे तपासणाऱ्या डॉक्टरांच्या गटाची मी प्रमुख. रक्तातली साखर मोजता येते, उदासी कशी मोजणार? विचारूनच. झोप लागते का, कामात मन रमतं का, जगणं नकोसं होतं का? मॅक्स हॅमिल्टन यांनी १९६० मध्ये अशा १७ बाबींची मोजपट्टी बांधली, ती आजही चालते. चाचणीत काहींना खरी गोळी, काहींना हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कुणाला कोणती, हे रुग्णालाही कळत नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही.

आणि गंमत पाहा, नैराश्याच्या चाचण्यांत औषध नसलेल्या गोळीनेही दहापैकी तीन-चार जणांना बरंच बरं वाटतं! आमची कितीतरी औषधं या गोळीपुढे हरतात. कंपनी हिरमुसते, मी नाही. चाचणीत दर एक-दोन आठवड्यांनी कुणीतरी समोर बसून, घड्याळ न बघता, ‘कसं वाटतंय?’ विचारतं. त्या बरं वाटण्यात याचा वाटा मोठा, असं माझं मत.

तेव्हा मागच्या रांगेतल्या मित्रा, वहीत एक नंबर लिहून घे: १४४१६. ‘टेली मानस’ ही मनाच्या मदतीची सरकारी हेल्पलाइन, मोफत, मराठीतही बोलतात. परीक्षेच्या आधी कुणाला झोप लागेनाशी झाली, तर त्याला दे. चला, बक्षिसं वाटू या.