उपाध्यांच्या वहीतली बहीण

लग्नाची बायको आणि पाटाची बायको, दोघींची मुलं एकाच अंगणात वाढलेली, हे आमच्या काष्टीसारख्या गावांनी पूर्वी खूप पाहिलं. सावत्र भावंडं भांडत, पण एकमेकांना ओळखत. मुंबई प्रांतात 1946 साली आणि पुढे 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने देशभर दुसऱ्या लग्नाला बंदी आली. चांगलंच झालं. पण दुसरं घर सगळीकडे मोडलं नाही. काही ठिकाणी ते नुसतं गावाबाहेर गेलं.

आमचे वडील हेडी, म्हणजे बैलांचे व्यापारी. शनिवारी काष्टीचा बाजार, एरवी परगावचे. रुमालाखाली बोटं धरून सौदा करणारा माणूस. घरातही फारसं बोलत नसत.

ते गेल्यावर अस्थी घेऊन आम्ही नाशिकला गेलो. रामकुंडावर प्रत्येक गावाचे, घराण्याचे उपाध्ये ठरलेले असतात आणि त्यांच्या वह्यांत पिढ्यांची नामावळी असते. आमच्या पानावर वडिलांची 1991 च्या सिंहस्थातली सही निघाली. खाली आम्हा दोघा भावांची नावं आणि त्याखाली एका मुलीचं. आम्हाला तर बहीण नाही! अशा वहीत मुलींची नावं सहसा कुणी सांगत नाही. वडिलांनी ते मुद्दाम सांगितलं असणार. पुढे लिहिलं होतं, मुक्काम दौंड. भीमा ओलांडली की दौंड. इतक्या जवळ.

भाऊ असता तर शोध सोपा होता. मतदार यादीत, सातबाऱ्यावर त्याच्यामागे बापाचं नाव असतंच. मुलीचं लग्न झालं की बापाचं नाव जातं, आडनाव जातं, कधी पाळण्यातलं नावसुद्धा बदलतं. उरतं ते शाळेचं जनरल रजिस्टर. दोन शाळांत नकार मिळाला, तिसरीत ती सापडली. वडिलांचं पूर्ण नाव, पालक म्हणून मामाची सही. सातवीनंतर दाखला नेलेला. पुढे काही नाही.

धाकटा भाऊ म्हणतो, अडीच एकरात आणखी वाटा कशाला? दुसरं लग्न रद्दबातल ठरलं तरी त्यातली मुलं औरसच, असं कायद्याचं कलम 16 सांगतं. 1 सप्टेंबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतल्या वडिलांच्या वाट्यातही अशा मुलांचा हक्क मान्य केला. मात्र लग्न लागलं होतं हे दाखवावं लागतं, आणि ते सांगणारं आमच्याकडे कुणी उरलेलं नाही.

आई दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "पोरीची साडीचोळी राहिली."

वारस नोंदीच्या अर्जात आईचं, आम्हा दोघांचं आणि तिचं, अशी चार नावं मी लिहिली आहेत. तिच्या पत्त्यापुढे 'माहीत नाही'. तिचं नाव इथे घेत नाही; सासरी तिने काय सांगितलं असेल कोण जाणे. पण दौंडला मामाकडे वाढलेली, वडील काष्टीच्या बैलबाजारात असत एवढं ठाऊक असलेली कुणी हे ऐकत असेल, तर माझा पत्ता मी केंद्रावर देऊन ठेवला आहे.