नाण्याची प्रत

कंपनी सरकारच्या अमलातील जुन्या रुपयांवर पुष्कळदा बारीक ठसे आढळतात. ते टाकसाळीचे नव्हेत, सराफांचे. रुपया हाती आला की सराफ तो तोली, वाजवून पाही आणि चांदीविषयी खात्री पटली म्हणजे त्यावर आपली खूण उठवी. ज्या रुपयाच्या अंगावर अशा खुणा अधिक, तो अधिक हातांनी पारखलेला. आजच्या संग्राहकाला मात्र त्याच खुणा व्रणांसारख्या वाटतात आणि त्यांपायी नाण्याची किंमत उतरते. सराफापुढे प्रश्न एकच होता : नाणे खरे की खोटे? संग्राहक त्यापुढे जाऊन विचारतो : खरे, पण कितपत चांगले? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शुल्क घेऊन देणारा एक मोठा व्यवसाय अमेरिकेत उभा राहिला आहे. त्या उत्तरावर किती विसंबावे, हे पाहण्यासारखे आहे.

या व्यवसायाची मोजपट्टी विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञाची. माणसांच्या शरीरयष्टीचे वर्गीकरण करणाऱ्या या गृहस्थाने १९४९ साली अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटांवर ग्रंथ लिहिला आणि त्यात नाण्याला १ ते ७० असे अंक दिले. त्यामागचा हिशेब बाजारातला होता : अगदी झिजलेल्या सेंटाची किंमत एक धरली, तर सर्वोत्कृष्ट सेंटाची सत्तर. न वापरलेल्या नाण्यांसाठी त्याने ६०, ६५ आणि ७० अशा तीनच पायऱ्या ठेवल्या होत्या. किमतींचे ते गणित लवकरच कोलमडले. अंक मात्र राहिले, आणि तीन पायऱ्यांच्या अकरा झाल्या. आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९७७ साली शेल्डन वारला. त्यानंतर उघडकीस आले की, न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील उत्तम सेंट काढून घेऊन त्यांच्या जागी त्याने हलक्या प्रतीचे सेंट ठेवले होते. नाण्याची प्रत त्याला चांगलीच कळत होती, यात संशय नाही!

१९८६ साली कॅलिफोर्नियात ‘प्रोफेशनल कॉइन ग्रेडिंग सर्व्हिस’ निघाली आणि पुढच्याच वर्षी ‘न्यूमिस्मॅटिक गॅरंटी कॉर्पोरेशन’. मालकाचे नाव न कळू देता एकाहून अधिक पारखी नाणे स्वतंत्रपणे पाहतात, अंक ठरवतात आणि ते नाणे प्लॅस्टिकच्या पक्क्या डबीत बंद होते. नाणे खोटे निघाल्यास ठरलेल्या अटींनुसार भरपाईही मिळते. खऱ्याखोट्याच्या बाबतीत या व्यवस्थेने ग्राहकाचे मोठे हित केले, हे मान्य करावयास हवे. पूर्वी विकणाराच प्रत सांगे, आणि विकताना उंच दिसणारी प्रत विकत घेताना त्याच माणसाला खाली उतरलेली दिसे.

अंकाची गोष्ट वेगळी आहे. वजन काट्यावर ठरते, धातूचा कस परीक्षेने ठरतो. पण ठसा किती रेखीव उठला, गालावरचा ओरखडा डोळ्यांत भरतो की नाही, झळाळी किती उरली, याचा निवाडा शेवटी माणसाची नजरच करते. ती नजर सकाळी एक सांगेल, संध्याकाळी दुसरे. काही नाण्यांत ६५ आणि ६६ यांच्यामध्ये किमतीची मोठी दरी असते. म्हणून व्यापारी डबी फोडतात, नाणे पुन्हा पाठवतात आणि वरचा अंक पडेपर्यंत पाठवीत राहतात. पहिली चिठ्ठी परत केली नाही, तर एकच नाणे संस्थेच्या गणतीत दोनदा मोजले जाते. १९९० साली अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाने वस्तुनिष्ठ आणि सुसंगत पारखीच्या दाव्यांबद्दल पहिल्या संस्थेवर आक्षेप घेतला, आणि ते प्रकरण समझोत्याने मिटले. त्याच वर्षी संगणकाकडून प्रत ठरवून घेण्याचा घाट घालण्यात आला. पण माणसाची जागा त्याला घेता आली नाही. २००७ पासून तर आणखी एक संस्था डबीबंद नाणी तपासून पसंतीची हिरवी टिकली लावू लागली. पारख्यांवरही पारखी आला! पुढे डब्यांचीच नक्कल होऊ लागली, तेव्हा जाणकारांनी एक जुनाच सल्ला नव्याने दिला : डबी नव्हे, नाणे विकत घ्या.

भारतीय संग्राहकाला आणखी एक अडचण आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षे पुरी झालेले नाणे ही पुरावस्तू ठरते, आणि खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. तेव्हा शिवराई परदेशी पारख्याच्या मेजापर्यंत जाणे शक्य नाही. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयाचेही आता तेच झाले आहे. राजाच्या झग्यावरील हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, म्हणून तो रुपया मागे घेण्यात आला होता. २०११ साली त्याची शंभरी भरली. आता आपल्याकडे उरलेल्या रुपयांवरची ती इवलीशी सोंड किती झिजली आहे, हे इथल्याच कोणीतरी भिंग धरून ठरवावयाचे आहे.