जवळ न जाता जवळून

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या 'माझा छंद' या कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर. – संपादक मंडळ)



'तुमच्या कॅमेऱ्यांबद्दल बोला,' असा निरोप सचिवांकडून आला, तेव्हा आमची ही म्हणाली, "बोला, पण किमती सांगू नका." त्यामुळे आज किमती सोडून सगळं सांगणार आहे.

या २५ वर्षांत रविवारी पहाटे साडेचारला गेट उघडायला लावून मी वॉचमनकाकांची झोप किती वेळा मोडली, याचा हिशेब नाही. परत आलो की लिफ्टमध्ये ठरलेले दोन प्रश्न. मुलं विचारतात, "काका, वाघ दिसला?" आणि मोठी माणसं विचारतात, "कोणता कॅमेरा घेऊ?" पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असंच असतं. दुसऱ्याचं उत्तर सापडायला मात्र मला एवढी वर्षं लागली.

आपण इथं राहायला आलो तेव्हा माझ्याकडे निकॉनचा एफएम-१० होता. रोलचा कॅमेरा. फोकस हातानं करायचा, उजेडाचं गणितही आपणच जुळवायचं. सोबत ३५-७० मिलिमीटरची लेन्स. बारशाला, सहलीला उत्तम. तोच घेऊन मी भिगवणला गेलो, उजनीच्या पाण्यावरचे फ्लेमिंगो टिपायला. नावेत बसून ३६ फोटोंचा अख्खा रोल संपवला. धुऊन आणला, तर पाण्यावर तांदूळ सांडल्यासारखं काहीतरी! सासूबाईंनी चष्मा लावून विचारलं, "यातला पक्षी कुठला?"

मग एक जुनी ७०-३०० घेतली. ३०० म्हणजे फार झालं असं वाटलं होतं. पण पक्ष्यांच्या बाबतीत ते कमीच पडतं. चिमणीएवढा पक्षी फोटोत जरा बरा दिसायचा तर चार-पाच मीटरवर जावं लागतं. आणि मी जात होतो. रांगत, सरपटत, कसाही.

आता जे सांगणार आहे ते मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही. एका एप्रिलमध्ये सासवडच्या पुढे माळरानावर मला टिटवीची अंडी दिसली. टिटवी घरटं असं बांधत नाही. उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये अंडी घालते. चार अंडी होती, खड्यांच्याच रंगाची. टिटवी ओरडत डोक्यावरून घिरट्या घालत होती आणि मी जवळच एका दगडाआड बसून ती अंड्यांवर यायची वाट पाहत होतो. सकाळचे साडेअकरा झाले असतील. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. मेंढरं घेऊन एक धनगरमामा आले. थोडा वेळ माझ्याकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "सायेब, तुमी हितं हाय तवर ती खाली यायची न्हाई. ऊन बघा की किती हाय."

एवढंच बोलले नि निघून गेले. मीही उठलो. टिटवी उन्हात अंड्यांवर सावली धरते, पोटाची पिसं पाण्यात भिजवून येऊन अंडी गार ठेवते, हे मी नंतर वाचलं. पुढच्या रविवारी गेलो तर अंडी नव्हती. मुंगसानं नेली, कुत्र्यानं नेली की आणखी काही झालं, सांगता येत नाही. माझ्यामुळेच झालं असं म्हणता येणार नाही, आणि माझ्यामुळे नाही असंही म्हणवत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात रानपक्ष्यांच्या अंड्यांना, घरट्यांना उपद्रव देणंही येतं. म्हणजे त्या दिवशी माझ्या हातात बंदूक नव्हती, एवढंच.

त्या दिवसापासून लेन्स निवडताना माझा प्रश्न बदलला. 'पक्षी किती मोठा दिसेल?' याऐवजी 'मला किती लांब थांबता येईल?' हिशेब साधा आहे. ३०० मिलिमीटरनं १० मीटरवरून पक्षी जेवढा दिसतो, तेवढाच ६०० मिलिमीटरनं २० मीटरवरून दिसतो. मधले १० मीटर त्या पक्ष्याचे.

२००९ साली डिजिटलवर आलो, निकॉन डी-९०. त्याचा सेन्सर रोलच्या फिल्मपेक्षा लहान, त्यामुळे ३००ची लेन्स ४५०सारखी वागते. सोबत हादरे आवरणारी नवी ७०-३००. इथं एक गोष्ट नवशिक्यांसाठी सांगतो. ही सोय आपल्या हाताचा कंप आवरते, पक्ष्याचा नाही. उडणाऱ्या पक्ष्याला शटरचा वेगच लागतो, सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून कमी. रोलचा खर्च गेल्यामुळे मी एका सकाळी ८०० फोटो काढू लागलो आणि त्यातले ७९० पुसण्यात रात्री घालवू लागलो. ३६ फोटोंच्या दिवसांत मी पक्षी जास्त बघत होतो, हे कबूल करतो.

२०१६मध्ये डी-५०० आणि २००-५०० घेतली. सेकंदाला १० फोटो! पण एकट्या लेन्सचं वजन २ किलो ३०० ग्रॅम. जिप्सीत ती टेकवायला बीनबॅग लागते, म्हणून मी घरातले पाच किलो तांदूळ कापडी पिशवीत शिवून ताडोबाला नेले. ते परत आल्यावर त्यांचा भात करायचा की नाही, यावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली. आणि ताडोबात काय झालं? वाघीण रस्ता ओलांडत थेट गाडीशी आली. लेन्स मागे खेचून २००वर आणली तरी तिचा चेहराच जेमतेम मावला. मुलांनो, तेव्हा मी म्हणालो होतो ना, "दिसली, पण अर्धी," ते याच वाघिणीबद्दल.

पुढे साठीत उजवा खांदा आखडला. डॉक्टर म्हणाले, वजन उचलायचं नाही. सहा महिने बॅग कपाटात होती. 'आता पुरे' असं घरचे म्हणत होते आणि मलाही तसं वाटू लागलं होतं. शेवटी ती जोडी विकली आणि वापरलेली ५०० एफ ५.६ पीएफ घेतली. पोहोच तेवढीच, वजन दीड किलोच्या आत. पीएफमधला 'एफ' म्हणजे फ्रेनेल, दीपगृहांच्या भिंगांमुळे प्रसिद्ध झालेलं नाव. सोबत हलकी मिररलेस बॉडी. तिचा मला आवडलेला गुण म्हणजे ती आवाज न करता फोटो काढते. डी-५००ची खटखट ऐकून माझ्यासमोर कितीतरी पक्ष्यांनी मान वळवली आहे.

याच लेन्सचा सर्वांत चांगला फोटो मी कुठे काढला, ते तुम्हाला ठाऊक आहे. बी विंगच्या पार्किंगवर गुलमोहराची ती वाळलेली फांदी. गाड्यांवर पडेल म्हणून छाटायचं ठरलं होतं, परवानगीही आली होती, आणि ते चूकही नव्हतं. फांदीत तांबटानं बीळ कोरलं होतं. 'टुक टुक' सगळ्यांनी ऐकलं होतं, बघितलं कुणी नव्हतं. तिसऱ्या मजल्याच्या पॅसेजच्या खिडकीतून, झाडाखाली एकदाही न जाता, बिळातून डोकावणारं पिल्लू मला मिळालं. तो फोटो नोटीस बोर्डावर लावला. अध्यक्षांनी छाटणी पुढे ढकलली आणि त्या फांदीखालच्या चार गाडीवाल्यांनी कुरकुर न करता गाड्या गेटजवळ हलवल्या. पिल्लं उडाली, मग फांदी छाटली. त्या चौघांना मी आज जाहीर धन्यवाद देतो. टिटवीचं देणं यानं फिटलं असं मी म्हणत नाही. पण त्या रात्री मला शांत झोप लागली.

तर, कोणता कॅमेरा घ्यायचा? आधी ८ x ४२ची दुर्बीण घ्या आणि वर्षभर नुसतं बघा. मग बॉडी वापरलेली घ्या, पैसे लेन्सवर घाला. बॉडी पाच-सात वर्षांत जुनी होते, लेन्स टिकते. उचलून अर्धा तास हातात धरून पाहिल्याशिवाय लेन्स घेऊ नका. आणि पक्षी ओरडायला लागला तर कोणतीही लेन्स असो, चार पावलं मागे या.

माझ्याकडे दोन दुर्बिणी आहेत. येत्या रविवारी सकाळी सहाला गेटवर थांबतो, कवडीपाटला जाऊ. गाडीत चार मुलं मावतात. आईबाबांची परवानगी घेऊन या, आणि डबा आणा. वॉचमनकाकांना मी सांगून ठेवलंय.