होडीवर बसताना पायांत काय असावे?

(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



गेली दोन वर्षे मंडळाच्या व्यायामखोलीची किल्ली माझ्याकडे असते. सकाळी सहा ते आठ मी तेथे असते, त्यामुळे आपल्यापैकी पुष्कळ जणींचे पाय माझ्या नजरेखालून गेले आहेत. शिक्षण म्हणाल तर सातवीपर्यंत. तेव्हा विद्वत्तेचे भाषण माझ्याकडून होणार नाही. रोज जे पाहते आणि जाणत्या माणसांना विचारून जे समजून घेतले, तेच आपणांस सांगते.

आपल्या खोलीतील वल्हवण्याच्या यंत्राला आपण सगळ्या 'होडी' म्हणतो. मागेपुढे सरकणारी बैठक, हातात दांडी, दांडीला साखळी आणि समोर पंख्याचे चाक. पाहणारीला वाटते, हे सारे हातांचे काम. पण तसे नाही. यात मुख्य जोर पायांचा. आधी पायांनी फळी रेटायची, मग कमरेतून मागे व्हायचे, शेवटी हात पोटाशी आणायचे. परत येताना याच्या उलट. मिनिटाला बावीस खेपा धरल्या, तरी दहा मिनिटांत दोनशेवीस वेळा आपण तळव्याने फळी रेटतो. एवढा भार ज्या तळव्यातून जातो, त्याखाली काय आहे, हा प्रश्न लहान नाही.

आपल्या नाशिक जिल्ह्यातील दत्तू भोकनळ यांचे नाव आपण ऐकले आहे. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही हे त्यांचे गाव. पाण्याची टंचाई सोसणाऱ्या भागातला हा मुलगा लष्करात गेल्यावर वल्हवणे शिकला, २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये तेरावा आला, आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या होडीत त्याने सुवर्णपदक मिळवले. बायकांच्या बाबतीत म्हणाल, तर ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या होड्या १९०० सालापासून धावत होत्या, पण बायकांना तेथे जागा मिळाली ती १९७६ साली. शर्यतीच्या होडीची एक गंमत सांगते. तिच्यात बूट होडीचेच असतात, फळीला पक्के बसवलेले. आपण फक्त पाय आत घालायचा. टाचेशी आखूड दोरी बांधलेली असते, म्हणजे होडी उलटली तर पाय चटकन सुटतो.

यंत्राचे मात्र तसे नाही. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात ड्रायसिगॅकर आडनावाच्या दोघा भावांनी १९८१ साली सायकलच्या चाकापासून असे यंत्र बनवून विक्रीस आणले. आपले यंत्र त्याच जातीचे. त्याला पायासाठी फळी, टाचेसाठी वाटी आणि वरून पट्टा, एवढेच असते. बूट ज्याने त्याने आपला आणायचा. म्हणून निवड आपल्यावर येते.

ही निवड किती महत्त्वाची, ते एका भगिनीच्या अनुभवावरून सांगते. माझ्याकडे किल्ली येण्यापूर्वीची ही गोष्ट. त्यांना बरीच वर्षे मधुमेह आहे आणि पायांची संवेदना कमी झालेली. त्या अनवाणीच बसत. टाच वाटीच्या कडेला घासली, फोड आला, फुटला, पण दुखलेच नाही, म्हणून कळलेच नाही. मोजा रक्ताने चिकटलेला सुनेने पाहिला तेव्हा घरात समजले. जखम भरून यायला अडीच महिने लागले. पाय वाचला ही देवाची कृपा आणि डॉक्टरांची मेहनत. त्यांच्या परवानगीने मी हे सांगत आहे. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी अनवाणी मुळीच बसू नये, आणि रात्री निजण्यापूर्वी दोन्ही तळवे रोज पाहावेत. वाकता येत नसेल तर आरशात पाहावेत.

आता काय टाळावे ते सांगते. चप्पल व स्लीपर यांना टाच मोकळी असते. पाय पट्ट्याखाली सरकतो आणि बोटांनी चप्पल धरून ठेवण्यात पोटरीला गोळे येतात. दुसरे, पळण्याचे जाड, गुबगुबीत बूट. ते महाग असतात म्हणून चांगले असतील असे वाटते. रस्त्यावर ते चांगलेच, कारण तेथे पाऊल आपटते. यंत्रावर पाऊल आपटतच नाही. आपण फळी रेटतो तेव्हा आधी तो मऊ तळ दबतो आणि आपला जोर त्यात मुरतो. गादीवर उभे राहून पाटा-वरवंटा उचलावा तसे होते. शिवाय टाच उंच असल्याने ती वाटीत नीट बसत नाही आणि पाय डुगडुगतो.

मग घ्यावे काय? ज्याचा तळ पातळ, सपाट आणि घट्ट आहे, असा हलका बूट. शाळेत कवायतीला मुले घालतात तो कॅनव्हासचा साधा बूट पुष्कळ जणींना पुरतो. दुकानात गेल्यावर एवढे पाहावे. अंगठ्याने तळ दाबावा. फार दबू नये. बूट हातात धरून वाकवावा. तो चवड्याच्या जागी वाकावा, मधोमध मोडू नये. पुढे येताना टाच थोडी उचलली जाते, म्हणून चवड्याशी वाकणे जरूर आहे. टाचेचा मागचा भाग घट्ट बसावा, बोटांना मात्र पसरायला जागा असावी.

खरेदीला संध्याकाळी जावे, कारण दिवसभर उभे राहून पाय थोडे सुजलेले असतात. जे मोजे घालणार तेच बरोबर न्यावेत आणि दोन्ही पायांत बूट घालून उभे राहून पाहावे. लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा राहिली म्हणजे माप बरोबर. घरी वर्तमानपत्रावर पाय ठेवून पेन्सिलीने रेघ काढावी आणि तो कागद कापून न्यावा. ठसा बुटाच्या तळाबाहेर येत असेल, तर तो बूट आपला नव्हे, दुकानदार काहीही म्हणो.

जोडव्यांविषयी मला नेहमी विचारतात. जाड, वेढ्यांची जोडवी बुटात शेजारच्या बोटाला घासतात. काढणे मनाला पटत असेल तर व्यायामापुरती काढावीत. पटत नसेल तर चपटी, एकपदरी घालावीत आणि सुती मोजा घालून वर पुढून रुंद बूट घालावा. पैंजण मात्र काढूनच बसावे. नाडीची टोके बुटात खोचावीत, लोंबती ठेवू नयेत. पदराचीही तीच गोष्ट. तो कमरेला घट्ट खोचावा. पंजाबी पोशाख असल्यास ओढणी बाजूला ठेवावी.

बूट चांगला असून पट्टा चुकीच्या जागी असला तर उपयोग नाही. पट्टा चवड्यावरून, पाय सर्वांत रुंद असतो तेथून जावा. बोटांवर आला तर पाय सुटतो, घोट्याकडे गेला तर टाच उचलत नाही. पायाखालचा भाग वरखाली सरकवून आपल्या मापाच्या भोकात बसवता येतो. प्रत्येकीने आपले भोक लक्षात ठेवावे. पट्टा पाय धरून राहील इतकाच ओढावा. बोटांना मुंग्या आल्या तर सैल करावा. आणि परत येताना पट्ट्याला पाय अडकवून अंग ओढून आणू नये.

हे बूट रस्त्यावर वापरू नयेत. तळाचे खडे बैठकीच्या रुळावर पडतात आणि चाके खराब होतात. कापडी पिशवीत घालून आणावेत आणि ओले झाल्यास सावलीत वाळवावेत. बूट बदलूनही गुडघा वा कंबर दुखत राहिली, तर डॉक्टरांना दाखवावे.

भगिनींनो, एक गोष्ट मनात आहे ती बोलते. जूनमध्ये मुलांचे बूट आपण न चुकता घेतो. यजमानांचे फाटण्याआधी घेतो. स्वतःसाठी घ्यायची वेळ आली की "या वयात बूट कशाला, लोक हसतील" असे म्हणतो. माझ्या सासूबाई बहात्तर वर्षांच्या आहेत. माझे बूट पाहून त्या म्हणाल्या, "साऱ्या घराचा भार या पायांवर, त्यांना दोन पैसे लागले तर बिघडले कुठे?" यापुढे मला काही सांगावयाचे नाही.

ज्यांना नवे घेणे जमत नाही, त्यांच्यासाठी खोलीत एक पेटी ठेवली आहे. मुलांना लहान झालेले, पण तळ न झिजलेले कॅनव्हासचे बूट धुऊन, कडक वाळवून त्या पेटीत आणून टाकावेत. आजपर्यंत नऊ जोड जमले आहेत. मोजे मात्र प्रत्येकीने स्वतःचेच आणावेत.