सतरा नंबरचा फॉर्म

आमच्या तेल्हाऱ्यात एखादा मुलगा शाळा सोडून कामाला लागला, की कोणीतरी त्याला हमखास सांगतो, ‘सतरा नंबर भरून टाक.’ राज्य मंडळाच्या परीक्षेला खासगीरीत्या बसणाऱ्यांचा हा अर्ज. मी तो बारावीसाठी भरला, तेव्हा वीस वर्षांचा होतो.

दहावी झाली १९८५ साली. त्याच सुमारास अब्बांची नजर कमी झाली, सुईत दोरा ओवता येईना. मशीन माझ्याकडे आलं. चार वर्षं पायजमे आणि शर्ट शिवले. कॉलेजात जाणारे जुने सोबती पँटचं माप द्यायला येत, तेव्हा मला त्यांचा थोडा राग यायचा, हे आता कबूल करायला हरकत नाही.

शाळा सोडल्याचा दाखला अम्मीने रेशनकार्डासोबत पेटीत जपून ठेवला होता. अडलं ते विषय लिहिताना. इंग्रजी सक्तीचीच होती. दुसरी भाषा मी मराठी लिहिली. मामू म्हणाले, ‘अपनी उर्दू छोड के मराठी काहे कू?’ माझी शाळा मराठी, कविताही मराठीतच सुचायच्या. मामूंना हे पटवणं परीक्षेपेक्षा अवघड गेलं.

पुस्तकं जुनी मिळाली, अर्ध्या किमतीत. दुकान बंद झालं की वाचायचो. श्रोतेहो, बाहेरून परीक्षा देणारा पुस्तकं किंवा वेळ नसल्यामुळे मागे पडतो, असं लोकांना वाटतं. माझी अडचण वेगळी होती. माझं लिहिलेलं तपासायला कोणी नव्हतं. कॉलेजातल्या मुलाचा पेपर सहामाहीला तरी लाल होऊन परत येतो. माझं उत्तर पहिल्यांदा वाचणार होता तो थेट मंडळाचा परीक्षक.

एक निवृत्त मास्तर कोटाचं अस्तर बदलायला आले. मशीनवरची वही त्यांनी सहज उघडली. म्हणाले, ‘बाबू, लेहलं त मस्त हाय. पन इचारलं काय अन् तू सांगून काय रायला?’ कवितेचा आशय चार ओळींत मागितला होता. मी पावसावर दोन पानं लिहिली होती! तेव्हापासून दर आठवड्याला ते एक उत्तर तपासत. शिलाई नको म्हटलं, तरी पैसे मोजून देत. मराठी आणि इतिहास त्यांनी पाहिला. इंग्रजीला कोणी मिळालं नाही.

परीक्षा १९९०च्या मार्चमध्ये झाली. त्या वर्षी रमजान मार्चच्या अखेरीस लागला, त्यामुळे ईदच्या कपड्यांची मापं आणि पेपर एकाच महिन्यात आले. निकाल लागला. मराठीत ७१, इंग्रजीत २९. पास व्हायला ३५ हवे होते. मग जिनिंगमधल्या एका कारकुनाला गाठलं. त्यांनी माझे निबंध आणि पत्रं तपासली, मी त्यांचे शर्ट शिवले. ऑक्टोबरला ४१ मिळाले. बी.ए. पुढे सावकाश झालं.

आता हा फॉर्म ऑनलाइन भरतात. तारखा मंडळ दरवर्षी जाहीर करतं, मुदत टळली की विलंब शुल्क पडतं. पेपर मात्र नियमित मुलांना असतो तोच.

आमच्या मोहल्ल्यातल्या एका बाईंची दहावी लग्नाआधी झाली, मुलगी आता नववीत आहे. अंगणवाडी सेविका किंवा मदतनीस व्हायला महाराष्ट्रात २०२३पासून बारावी लागते, म्हणून त्यांनी मनावर घेतलं. दाखला माहेरी, त्यावर नाव माहेरचं, आधारवर सासरचं. ते निस्तरण्यात एक वर्ष गेलं. वय निघून गेलं, असंही त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. बारावीला जास्तीत जास्त वयाची अट नाही, हे सांगितल्यावर त्या माझ्याकडे बराच वेळ संशयाने बघत राहिल्या.

यंदा फॉर्म भरला गेला. असरच्या नमाजनंतर त्यांची मुलगी वही घेऊन येते. मराठी मी तपासतो. इंग्रजीसाठी त्यांना एक शिक्षिका शोधून दिल्यात, त्या वहीला मी हात लावत नाही.